पुण्याचे मधु लिमये, मुंगेरचे खासदार

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या मराठी मुलाला एक प्रश्न लहानपणापासून ऐकावा लागतो : "तुम्ही मूळचे कुठले?" अहिवाऱ्यात, नंदिनीच्या खाणींच्या परिसरात किंवा भिलाईच्या सेक्टरांत हा प्रश्न कोणी वाईट हेतूने विचारीत नाही. पोलाद कारखाना उभा राहिला तेव्हा देशाच्या सर्व प्रांतांतून माणसे येथे आली आणि एकमेकांची ओळख करून घेताना हाच प्रश्न पहिला आला. मूल उत्तरादाखल आजोबांच्या गावाचे नाव सांगते. त्या गावी ते स्वतः सुट्टीत दोन-चार वेळाच गेलेले असते. परंतु या साध्या प्रश्नाच्या पोटात दुसरा, अधिक अवघड प्रश्न दडलेला आहे. ज्या भूमीत आपण राहतो, त्या भूमीचे आपण कोण? पाहुणे की घरचे?

या प्रश्नाचे उत्तर काही माणसांनी शब्दांनी न देता आयुष्याने दिले आहे. छत्तीसगढला अशी माणसे नवीन नाहीत. मराठी मातृभाषा असलेल्या माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केले आणि पुढे लोकमान्य टिळकांचे 'गीतारहस्य' हिंदीत नेले. साहित्यात जे सप्रे यांनी केले, त्याच जातीचे काम संसदीय राजकारणात ज्यांनी केले, त्या मधु लिमये यांच्या जीवनाचा विचार आज करावयाचा आहे. ते जन्माने पुण्याचे; लोकसभेत मात्र चारही वेळा गेले ते बिहारमधून.

मधु रामचंद्र लिमये यांचा जन्म १ मे १९२२ रोजी पुण्यात झाला. १९३७ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्यांनी फर्ग्युसन महाविद्यालयात प्रवेश घेतला. त्याच सुमारास एस. एम. जोशी, ना. ग. गोरे यांच्याशी त्यांचा परिचय झाला आणि काँग्रेस समाजवादी पक्षाच्या विचाराने ते भारले गेले. महाविद्यालयीन शिक्षण मागे पडले. ऑक्टोबर १९४० मध्ये युद्धविरोधी भाषणे केल्याबद्दल त्यांना खानदेशात अटक झाली आणि खटला न चालवताच सुमारे वर्षभर धुळ्याच्या तुरुंगात ठेवण्यात आले. त्या वेळी ते अठरा वर्षांचे होते. सुटल्यावर राष्ट्र सेवा दलाची तरुणांची शिबिरे, त्यानंतर १९४२ चे भूमिगत आंदोलन आणि सप्टेंबर १९४३ ते जुलै १९४५ पुन्हा कारावास : वरळी, येरवडा, विसापूर. ज्या वयात मुले पदवी घेऊन नोकरीची वाट पाहतात, त्या वयात हा तरुण तुरुंगात ग्रंथ वाचीत बसला होता. पदवी राहिली ती राहिलीच. विद्या मात्र राहिली नाही. पालकांनी यातून पदवीचा अनादर शिकू नये. विद्येची भूक पदवीवर संपत नाही, एवढेच यातून घ्यावे.

स्वातंत्र्य मिळाले, पण गोवा पोर्तुगिजांच्या ताब्यात राहिला. १९५५ च्या जुलै महिन्यात लिमये यांनी सत्याग्रहींच्या तुकडीचे नेतृत्व करीत गोव्यात प्रवेश केला. पोर्तुगीज पोलिसांनी त्यांना अमानुष मारहाण केली. डिसेंबरमध्ये लष्करी न्यायाधिकरणाने त्यांना बारा वर्षांची सक्तमजुरीची शिक्षा सुनावली. परक्या सत्तेच्या न्यायालयाचा अधिकारच मान्य नसल्याने त्यांनी बचाव केला नाही आणि अपीलही केले नाही. त्यांच्या आणि चंपाताईंच्या विवाहाला त्या वेळी तीनच वर्षे झाली होती. घरी लहान मूल होते. एकोणीस महिन्यांहून अधिक काळ बंदिवासात काढल्यावर १९५७ च्या आरंभी त्यांची सुटका झाली. तुरुंगात त्यांनी जी दैनंदिनी लिहिली, ती त्यांच्या निधनानंतर १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. एवढी मोठी शिक्षा भोगलेल्या माणसाने त्या कागदांचे भांडवल आयुष्यभर केले नाही, ही गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगी आहे.

आता बिहारकडे वळू. १९६४ साली मुंगेर लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली आणि समाजवादी पक्षाचे उमेदवार म्हणून लिमये निवडून आले. मुंगेर म्हणजे गंगेच्या काठचे जुने शहर. जवळच जमालपूर येथे १८६२ साली स्थापन झालेला रेल्वेचा कारखाना आहे. शेती, गंगेचा पूर आणि कारखान्याची पाळी या तिन्हींवर तेथील संसार चालतो. कारखान्याच्या भोंग्यावर दिवस मोजणाऱ्या आपल्या भागाला ते जग परके वाटू नये. तेथे लिमये यांची जात नव्हती, भाऊबंद नव्हते, मामा-काका नव्हते. मराठी मते हा शब्दही तेथे उच्चारण्याजोगा नव्हता. तरी १९६७ च्या सार्वत्रिक निवडणुकीत मुंगेरने त्यांना पुन्हा निवडले. १९७१ मध्ये तेथे त्यांचा पराभव झाला. पुढे १९७३ च्या पोटनिवडणुकीत आणि १९७७ च्या निवडणुकीत बिहारच्याच बांका मतदारसंघाने त्यांना लोकसभेत पाठविले.

याचे श्रेय बिहारच्या मतदारांनाही दिले पाहिजे. सिंधमध्ये जन्मलेल्या आचार्य कृपलानींना सीतामढीने १९५७ साली निवडून दिले होते. मंगळूरचे जॉर्ज फर्नांडिस तुरुंगात असताना मुजफ्फरपूरने त्यांना १९७७ मध्ये विजयी केले. भारतीय निवडणूक कायद्याची तरतूदही अशीच उदार आहे. लोकसभेच्या उमेदवाराचे नाव देशातील कोणत्याही मतदारसंघाच्या यादीत असले तरी पुरते. तो कोणत्या प्रांतात जन्मला, हे घटना विचारीत नाही. जे कागदावर लिहिले आहे, ते गंगेकाठच्या निरक्षर शेतकऱ्याने आपल्या मताने खरे करून दाखविले.

लिमये यांनी या विश्वासाची परतफेड कशी केली? पहिली परतफेड भाषेने. ते हिंदी आणि इंग्रजी या दोन्ही भाषांत सभागृहात बोलत. लेखन मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तिन्हींत करीत. मराठी सोडून त्यांनी हिंदी जवळ केली नाही. मराठी अंगात मुरलेली होती, म्हणून दुसरी भाषा शिकताना त्यांना आपले काही हरवेल अशी भीती वाटली नाही. मातृभाषेच्या शाळेत मुलांना घातले तर ती मागे पडतील, अशी चिंता अनेक पालक बोलून दाखवितात. त्यांनी पुण्यात वाढलेल्या या माणसाच्या तीन भाषांतील साठांहून अधिक पुस्तकांकडे एकदा पाहावे.

दुसरी परतफेड अभ्यासाने. संसदेत विरोधी पक्षाच्या सदस्याच्या हाती फार थोडी साधने असतात. बहुमत सरकारचे, निधी सरकारचा, अधिकारी सरकारचे. विरोधकाजवळ असतात ते प्रश्न आणि नियम. मंत्र्याने सभागृहात दिलेले उत्तर नोंदवले जाते. ते चुकीचे निघाले तर त्याचा जाब विचारता येतो. सरकारने खर्चलेला प्रत्येक रुपया सभागृहाच्या संमतीने खर्चला गेला पाहिजे. तसे झाले नसेल तर हरकत घेता येते. औचित्याचा मुद्दा, हक्कभंगाचा प्रस्ताव, तहकुबीची सूचना, अविश्वासाचा ठराव ही सारी दुर्बळ बाजूची शस्त्रे आहेत. पण ती चालविण्यासाठी कार्यपद्धतीचे नियम, अर्थसंकल्पाची कागदपत्रे आणि जुने दाखले तोंडपाठ असावे लागतात. लिमये यांची ख्याती यातच होती. कागदांचा गठ्ठा घेऊन ते सभागृहात आले की मंत्री सावध होत, असे त्यांचे समकालीन सांगत. डॉ. राममनोहर लोहिया यांनी १९६३ साली देशातील गरिबांचे रोजचे उत्पन्न तीन आणे असल्याचे सांगून लोकसभा हादरविली होती. १९६४ पासून लोहियांना सभागृहात लिमये यांची साथ मिळाली आणि १९६७ मध्ये लोहियांच्या निधनानंतर ती परंपरा लिमये यांनी पुढे नेली. आवाज चढवून सभागृह बंद पाडणे तुलनेने सोपे असते. नियमाचे पुस्तक उघडून सत्ताधाऱ्याला उत्तर द्यावयास लावणे अवघड, कारण त्यासाठी आदल्या रात्री जागावे लागते.

नियमांवरील ही श्रद्धा केवळ सभागृहापुरती नव्हती. ६ नोव्हेंबर १९६८ रोजी मुंगेरनजीक लखीसराय रेल्वे स्थानकावर लिमये आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अटक झाली. अटक का झाली, हे त्यांना सांगण्यात आले नाही. त्याच दिवशी त्यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्ररूपाने अर्ज लिहिला. घटनेच्या बाविसाव्या अनुच्छेदाप्रमाणे अटक केलेल्या व्यक्तीला अटकेची कारणे शक्य तितक्या लवकर कळविली पाहिजेत. ती कळविली नाहीत, एवढाच त्यांचा मुद्दा. न्यायालयाने तो मान्य केला आणि डिसेंबरमध्ये त्यांच्या मुक्ततेचा आदेश दिला. खासदाराला मिळालेला हा न्याय त्याच्यापुरता राहत नाही. पोलीस ठाण्यात बसवून ठेवलेल्या कोणत्याही मजुराला, रिक्षावाल्याला, विद्यार्थ्याला 'मला का पकडले?' असे विचारण्याचा जो हक्क घटनेने दिला आहे, तो या निकालाने अधिक पक्का झाला.

प्रत्येक वेळी ते जिंकले, असे मात्र नाही. जमावबंदीच्या १४४ कलमाला त्यांनी आव्हान दिले, तेव्हा १९७० साली सात न्यायमूर्तींच्या पीठाने ते कलम घटनेशी सुसंगत ठरविले. हा निकाल लिहिणारे सरन्यायाधीश मोहम्मद हिदायतुल्ला हे रायपूरच्या शासकीय हायस्कूलचे विद्यार्थी. त्यांच्याच नावाचे राष्ट्रीय विधी विद्यापीठ आज नव्या रायपुरात आहे. हा अधिकार निकडीच्या प्रसंगी वापरावयाचा आहे, मनमानीने नव्हे, हेही त्या निकालात स्पष्ट झाले. पुण्यात जन्मलेला अर्जदार, मुंगेरची घटना आणि रायपुरात शिकलेले सरन्यायाधीश, असा हा एक खटला. कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना मधु लिमये हे नाव आजही राजकारणाच्या पुस्तकाआधी कदाचित निकालपत्रांच्या संग्रहातच भेटत असेल.

या सर्वांहून मोठी परीक्षा पुढे होती. २५ जून १९७५ च्या रात्री देशात आणीबाणी जाहीर झाली. जुलैमध्ये लिमये यांना अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली, म्हणजे मिसाखाली, स्थानबद्ध करण्यात आले आणि फेब्रुवारी १९७७ पर्यंत त्यांना मध्य प्रदेशातील निरनिराळ्या तुरुंगांत ठेवण्यात आले. आपला हा प्रदेश त्या वेळी मध्य प्रदेशातच होता. छत्तीसगढ राज्य २००० साली झाले.

तुरुंगात असतानाच एक प्रश्न उभा राहिला. पाचवी लोकसभा १९७१ च्या मार्चमध्ये निवडून आली होती. पाच वर्षांची तिची मुदत मार्च १९७६ मध्ये संपत होती. आणीबाणी चालू असताना संसदेने कायदा करून ही मुदत एकेका वर्षाने वाढवावी, अशी तरतूद घटनेच्या त्र्याऐंशीव्या अनुच्छेदात आहे. तिचा आधार घेऊन लोकसभेने स्वतःचेच आयुष्य वाढवून घेतले. कायद्याच्या शब्दात हे बसत होते. लिमये यांची भूमिका मात्र अशी की, मतदारांनी पाच वर्षांसाठी निवडून दिले आहे. अनेक विरोधी सदस्य गजाआड असताना, वृत्तपत्रांवर नियंत्रण असताना सभागृहाने स्वतःची मुदत वाढविणे हा घटनेचा गैरवापर आहे. त्यांनी लोकसभेच्या सदस्यत्वाचा राजीनामा दिला. जबलपूरचे तरुण खासदार शरद यादव यांनीही त्यांच्याबरोबर राजीनामा दिला. दिल्लीतील खासदार-निवास तात्काळ रिकामे करावे, असेही लिमये यांनी तुरुंगातून पत्नीला कळविले, असे त्यांच्या सहकाऱ्यांनी नमूद करून ठेवले आहे.

या राजीनाम्याने सरकार पडणार नव्हते. लोकसभेची मुदत पुढे आणखी एकदा वाढविली गेली. तुरुंगाचे दार उघडले नाही. उलट खासदार म्हणून मिळणारे वेतन, घर आणि प्रतिष्ठा तेवढी गेली. व्यवहारी माणूस याला नुकसानीचा सौदा म्हणेल. परंतु मधु लिमये यांच्या साऱ्या कारकिर्दीचा अर्थ याच एका कृतीत सापडतो. बांक्याचे आसन आपले आहे असे त्यांनी कधी मानलेच नव्हते. ते बांक्याच्या मतदारांचे होते. त्यांनी पाच वर्षांपुरते ते ठेव म्हणून सोपविले होते. मुदत संपली, ठेव परत केली. दुसऱ्याच्या घरातून निघताना पाहुणा जसा सामान मोजून निघतो, तसे हे नव्हते. घरचा माणूस घराची रीत मोडू देत नाही, तसे हे होते. जन्माने बाहेरचा असलेला माणूस त्या मातीचा कसा होतो, याचे उत्तर येथे मिळते. तो हक्क मागून आपला होत नाही. तिथल्या लोकांचा हक्क स्वतःच्या सोयीपेक्षा मोठा मानतो, म्हणून आपला होतो.

मार्च १९७७ च्या निवडणुकीत बांक्याने त्यांना पुन्हा निवडून दिले. केंद्रात जनता पक्षाचे सरकार आले. लिमये यांनी मंत्रिपद घेतले नाही. पक्षाचे सरचिटणीसपद सांभाळले. पुढे दुहेरी सदस्यत्वाच्या वादात त्यांनी घेतलेली भूमिका आणि १९७९ मधील पक्षफूट यांवर आजही मतभेद आहेत. ती फूट टाळता आली असती, असे म्हणणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. त्या वादाचा निवाडा करण्याचे हे स्थान नव्हे. त्यांच्या बाजूने एवढेच म्हणता येईल की त्यांनी त्या काळाचा हिशेब दडवून ठेवला नाही. जनता पक्षाच्या प्रयोगावर दोन खंडांचा ग्रंथ लिहून तो वाचकांपुढे मांडला.

१९८२ मध्ये, साठाव्या वर्षी, ते सक्रिय राजकारणातून निवृत्त झाले. राजकारणात साठी म्हणजे उमेदीचे वय समजले जाते. त्यानंतरची बारा-तेरा वर्षे त्यांनी दिल्लीतील साध्या घरात वाचन, लेखन आणि शास्त्रीय संगीत यांत घालविली. गांधी-नेहरूंच्या संबंधांवर चार खंड लिहिले. वृत्तपत्रांतून घटनात्मक प्रश्नांवर लिहीत राहिले. स्वातंत्र्यसैनिकांसाठी १९७२ साली निवृत्तिवेतनाची योजना आली, माजी खासदारांसाठी १९७६ साली कायद्यात तरतूद झाली. दोन्हींस ते पात्र होते. दोन्ही त्यांनी घेतली नाहीत. ८ जानेवारी १९९५ रोजी नवी दिल्ली येथे त्यांचे निधन झाले. २०२२ हे त्यांचे जन्मशताब्दी वर्ष होते.

हीरक महोत्सवाच्या निमित्ताने शाळेचे माजी विद्यार्थी दूरदूरच्या गावांहून येथे जमले आहेत. कोणी पुण्या-नागपुरात, कोणी बंगळुरूत, कोणी परदेशी स्थायिक झाले आहे. त्यांची मुले आता दुसऱ्याच एखाद्या शाळेत 'मूळचे कुठले?' या प्रश्नाला सामोरी जात असतील. त्या मुलांना सांगण्यासाठी ही कथा आहे. मराठी माणसाने महाराष्ट्राबाहेर मंडळे स्थापावीत, गणेशोत्सव करावेत, दिवाळी अंक वाचावेत. ते जपलेच पाहिजे. पण तेवढ्यावर थांबले तर आपण आपल्याच अंगणात फिरत राहू. ज्या नगरपालिकेचे पाणी पितो, तिच्या अर्थसंकल्पाचे कागद आपल्यापैकी किती जणांनी पाहिले आहेत? प्रभागाच्या बैठकीत शेजारच्या छत्तीसगढी कुटुंबाच्या नळाचा प्रश्न आपण आपला म्हणून किती वेळा मांडला? माहितीच्या अधिकाराचा साधा अर्ज लिहिता येतो का? लोकप्रतिनिधी होणे प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही. नियम समजून घेऊन, नम्रपणे पण न घाबरता प्रश्न विचारणारा नागरिक होणे मात्र प्रत्येकाच्या हातात आहे.

शाळेने मुलांना मातृभाषेतून नागरिकशास्त्र शिकविले ते याचसाठी. मतदार, मतदारसंघ, प्रश्नोत्तराचा तास, मूलभूत हक्क हे शब्द पाठ करून गुण मिळतात आणि परीक्षेनंतर पुस्तक रद्दीत जाते. मधु लिमये यांनी ते पुस्तक जन्मभर उघडे ठेवले. मुंगेर आणि बांका येथील मतदारांनी त्यांना मूळ गाव विचारले नसेल असे नाही. पण मत देताना ते विसरले, कारण आपला प्रश्न हा माणूस दिल्लीत आपल्यासारखाच मांडतो, हे त्यांनी पाहिले होते. अहिवाऱ्याच्या मातीत वाढलेल्या मुलामुलींनीही येथील माणसांचा असाच विश्वास मिळवावा, हीच हीरक महोत्सवाच्या दिवशी प्रार्थना.

जय हिंद. जय छत्तीसगढ.